शिट्टीबाईंची सरळ रांग

सातारा शहर व पंचक्रोशीतील तमाम नागरिकांना, विशेषतः ज्यांना आपण सरळ उभे आहोत असा गाढ विश्वास आहे त्यांना, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आपण सरळ उभे नाही. आपला एक खांदा खाली आहे, हनुवटी पुढे आली आहे आणि पोटाबद्दल तर न बोललेलंच बरं. सदर माहिती आम्हाला आमच्या शिट्टीबाईंकडून मिळालेली असून तिच्याविरुद्ध दाद मागण्याची सोय कधीही उपलब्ध नव्हती.

शिट्टीबाई म्हणजे मुलींच्या शाळेतल्या निवृत्त पीटी टीचर. आयुष्यभर त्यांनी कवायत घेतली आणि लेझीम बसवली. त्यांच्या मुली मैदानावर उभ्या राहिल्या की बाजूने बघणाऱ्याला एकच मुलगी दिसायची, बाकीच्या तिच्यामागे झाकून जायच्या. निरोप समारंभात शाळेने शाल दिली, नारळ दिला. बाईंनी दोन्ही घेतलं आणि गळ्यातली शिट्टी मात्र परत केली नाही. ती मंगळसूत्राच्या शेजारीच लटकायची आणि चालताना दोन्हींची टकटक व्हायची. एकदा साताऱ्याच्या स्टँडवर गाडी लागली आणि नेहमीप्रमाणे दाराशी झुंबड उडाली. बाईंनी एकच शिट्टी मारली. शाळेत असताना कधीतरी मार खाल्लेली ती सगळी माणसं निमूट रांगेत उभी राहिली. आतला कंडक्टर घाबरून खाली उतरला, त्याला वाटलं चेकिंग आलंय.

मी त्यांच्या तावडीत सापडले ती माझ्या चष्म्याच्या दुकानामुळे. बाई नंबर तपासायला आल्या, एक डोळा झाकून तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि म्हणाल्या, "अक्षरं दिसतात. पण तक्ता वाकडा लावलाय." दुकान उघडल्यापासून तो तसाच होता आणि कुणालाही दिसला नव्हता. मी खुर्चीवर चढून तो सरळ करत असताना खालून प्रश्न आला, "रविवारी काय करता?"

"विश्रांती," मी म्हटलं.

"कशापासून?"

पुढच्या रविवारी सकाळी मी हातमोजे घालून म्हसोबाच्या टेकावर उभी होते, आणि माझा डावा खांदा खाली असल्याचं मला नुकतंच कळलं होतं.

हे टेक शहराबाहेर, खाली उसाची शेतं आणि वर माळ, असं. गावाने ठराव करून ते राखून ठेवलेलं. चराई बंद झाली, तोड बंद झाली आणि घाणेरी सुरू झाली. लाल-पिवळ्या फुलांची ही बया दिसायला मोठी लाघवी. परदेशातून म्हणे बागेच्या शोभेसाठी आणली होती. हात लावला की ओरबाडते, तिच्या सावलीत गवताचं पातं उगवत नाही, गुरांनी चुकून खाल्ली तर गुरं आजारी पडतात. बुलबुलांना मात्र तिची काळी फळं फार आवडतात. ते खातात आणि मग गावभर पेरणी करत हिंडतात. तर ही घाणेरी काढून टेकावर पुन्हा गवत आणायचं, यासाठी आम्ही रविवारची माणसं जमायचो. दुकानदार, शिक्षक, एमआयडीसीतले काही जण आणि एक निवृत्त फौजी, ज्यांना आम्ही हवालदार म्हणायचो कारण ते होतेच हवालदार.

घाणेरी वरून छाटली तर दुप्पट फुटते. कुदळीने बुंध्याभोवती उकरायचं, जमिनीखालच्या गाठीच्याही खाली मूळ तोडायचं आणि अख्खं झुडूप उचलून उलटं टाकायचं, डोकं खाली, मुळं वर. एकेका झुडपाला चार माणसं. बाईंनी या कामाची लेझीम करून टाकली होती. "एक, वाका. दोन, धरा. तीन, ओढा. चार, उलटं." बाई समोर उभ्या राहून आकडे म्हणायच्या आणि आम्ही वाकायचो. घाईघाईने कुणी दोनलाच ओढलं की शिट्टी वाजायची आणि झुडूप परत खड्ड्यात ठेवून पहिल्यापासून सगळं. हो, परत खड्ड्यात. "मुळांना नीट ऊन दाखवा," त्या म्हणायच्या, "अर्धवट उपटलेलं झुडूप आणि अर्धवट शिकलेली मुलगी, दोन्ही पुढच्या वर्षी तुमच्याच डोक्यावर बसतात."

हवालदारांना हा कारभार मान्य नव्हता. "फौजेत मी लोकांना परेड शिकवलीया," ते मला बाजूला घेऊन सांगायचे. "आन् आता ह्या वयात ह्या बाईकडनं एक-दोन-तीन-चार शिकायचं व्हय, ताई?" हेच त्यांनी एकदा बाईंच्या तोंडावर सांगायचं ठरवलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पोट आत घ्या, मग बोला." हवालदारांनी पोट आत घेतलं. पोट आत घेतलं की त्यांना बोलता येत नसे, हे बाईंच्या केव्हाच लक्षात आलं होतं. तेव्हापासून बाई त्यांना 'पोट' याच नावाने हाक मारत. मी 'डावा खांदा'. माणसाचं नाव लक्षात ठेवण्याइतका त्याचा दोष सुधारल्याशिवाय बाई त्याला नावाने हाक मारत नसत, आणि माझ्या माहितीत तिथवर कुणी पोहोचलं नाही.

आता त्या रांगेविषयी. उपटलेली घाणेरी टाकायची कुठे, हा प्रश्न होता. इतर टेकड्यांवरची मंडळं जिथे उपटलं तिथेच ढीग करून मोकळी होत. बाईंना तो पसारा बघवेना. त्यांनी खालच्या रस्त्यापासून थेट माथ्यापर्यंत दोरी लावली आणि सांगितलं, प्रत्येक झुडूप या रेघेवर, एकाला लागून एक. कारणही पटण्यासारखं होतं. वाळताना बी गळणारच, ते एका रेघेत गळलं तर पुढच्या वर्षी उगवेल तेही रेघेतच, शोधत हिंडायला नको. हिवाळा संपेपर्यंत रांग माथ्याला पोहोचली. हमरस्त्यावरून बघितलं की टेकाने मधोमध भांग पाडल्यासारखं दिसायचं. लोक गाड्या थांबवून फोटो काढायचे. आमच्या ग्रुपवर तोच फोटो झळकत होता. वनरक्षक येऊन गेला, त्यानेही मोबाईल आडवा धरून तीन-चार फोटो काढले. कुणाच्याही मनात दुसरा विचार आला नाही. आम्ही सगळेच त्या रांगेच्या प्रेमात होतो.

माथ्यावर, गावाच्या हद्दीला लागून, हिराबाईंचं पाल होतं. माणदेशाकडचं मेंढपाळ कुटुंब, नवरा दिवसभर मेंढ्या घेऊन लांब जायचा आणि हिराबाई कोकरं सांभाळत मागे राहायच्या. चराई बंद झाल्याचा पहिला फटका त्यांनाच बसला होता, म्हणून बाईंनी गावाकडून एक गोष्ट कबूल करून घेतली होती. घाणेरी जाऊन जे गवत येईल ते कापून न्यायचा हक्क हिराबाईंचा. त्या वर्षी पहिल्यांदाच मारवेलीचं गवत कंबरेएवढं आलं. दिवाळीनंतर हिराबाईंनी आणि नवऱ्याने मिळून सगळा उतार कापला, पालाशेजारी घरासारखी गंजी रचली. दरवर्षी होळी झाली की पाल उचलून नदीकाठच्या गावांनी भटकायचं, कुणाच्या शेतात आठ दिवस, कुणाच्या बांधावर चार. "यंदा न्हाई जायाचं," त्या गंजीवर हात ठेवून म्हणाल्या होत्या. "हितंच बसून खातील माजी मेंढरं."

आणि त्याच एकदा बाईंना म्हणाल्या, "आवं बाई, तुमची रांग अजून चार पावलं वर आना की. वाऱ्यानं कोकरं गारठत्यात, आडोसा हुईल." बाईंना आनंद झाला. रांगेला उपयोग मिळाला होता. आम्ही रांग वर नेली, कोकरांच्या वाघरीला, म्हणजे जाळीच्या कुंपणाला लागून, गंजीच्या जवळ.

होळी तोंडावर आली असतानाचा एक रविवार. ऊन चढलं होतं आणि खालून वर असा वारा सुटला होता. आम्ही उताराच्या मध्यावर काम करत होतो. खाली ऊस तुटून गेलेल्या एका शेतात कुणीतरी पाचट पेटवलं होतं. त्यात नवल काही नव्हतं, आमच्याकडे या दिवसांत रोज कुठे ना कुठे पाचट जळत असतं आणि पेटवणारा फांदी घेऊन बांधावर उभा असतो. त्या दिवशी ती फांदी पुरली नाही. पेटता पाला उडून रस्ता ओलांडून आला आणि रांगेच्या पायथ्याला पडला.

"बाई," हवालदार म्हणाले, "त्ये बगा."

आधी आवाज आला, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. महिनोन्महिने उन्हात वाळलेली घाणेरी तेल प्यायल्यासारखी भडकते. जाळ उतारावर पसरला नाही, कारण गवत कापून नेलेलं, नुसती खुंटं उरली होती. तो रांगेतून चढू लागला. एकाला लागून एक, एकाला लागून एक.

बाईंनी खाली पाहिलं आणि मग हळूहळू नजर वर नेली, रांगेवरून, टोकापर्यंत. वाघर, कोकरं, गंजी. मी त्यांच्या शेजारी होते. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या, पण मला ऐकू आलं.

"मी वात वळून ठेवलीय."

मग शिट्टी. आणि हुकूम. "रांग मोडा."

कुणीही हललं नाही. त्या तोंडातून असला हुकूम आम्ही कधी ऐकला नव्हता आणि आम्हाला तो कळलाच नाही. बाई ओरडल्या, "रांग मोडा, फेकून द्या ती, डावीकडे, उजवीकडे, कुठेही," आणि तेव्हा पहिल्यांदा हवालदार धावले, पोट बाहेर ठेवून.

जाळाच्या थोडं वर, एका मोठ्या दगडापाशी, आम्ही रांगेला खिंडार पाडायला लागलो. इथे आम्हाला आमची कारागिरी भोवली. एकावर एक नीट रचलेली झुडपं काट्यांनी एकमेकांत गुंतून घट्ट झाली होती. एक ओढावं तर तीन हलत आणि एकही सुटत नसे. माझ्या हातमोज्याची बोटं फाटली. पापण्यांवर धग जाणवायला लागली. बाई आकडे म्हणत होत्या, तीनला सगळे ओढत होते, आणि जाळ आमच्याकडे बघत बघत वर येत होता.

"सोडा," बाई म्हणाल्या. "वर चला."

"हुतंय बाई," हवालदारांनी एक बुंधा दोन्ही हातांनी धरला होता. "दोनच ऱ्हायल्यात. हुतंय."

"हवालदार, सोडा."

बाईंनी त्यांना हुद्द्याने हाक मारली ती त्या दिवशी पहिल्यांदा. हवालदारांनी बुंधा सोडला. आम्ही वर धावत असताना मागे वळून पाहिलं तेव्हा तो दगड दिसत नव्हता.

माथ्याच्या खाली एक कातळाचा पट्टा आहे. तिथे माती नाही, खुंटं नाहीत, फक्त आमची रांग त्याच्यावरून पलीकडे गेलेली. बाईंनी तिथे हात वर केला. त्याच्या खालचं सगळं आता जाळाचं, वरचं वाचलं तर वाचलं. तिथून हिराबाई स्पष्ट दिसत होत्या. त्यांनी वाघर पाडली होती आणि दोन्ही काखांत कोकरं घेऊन त्या पलीकडच्या उतारावर पोचवत होत्या, परत येत होत्या, परत नेत होत्या. शेवटचं कोकरू ठेवून त्या थेट आमच्यात आल्या. गंजी काखेत मावणारी नव्हती.

हिराबाईंनी हवालदारांच्या आणि माझ्या शेजारी झुडूप धरलं. चौथ्या जागी बाई स्वतः उभ्या राहिल्या. इतकी वर्षं त्या नेहमी समोर असायच्या, रांगेत कधीच नाही. धुराने शिट्टी फुंकता येईना, आवाज बसला होता, तरी त्या आकडे म्हणत होत्या. वाका. धरा. ओढा. फेका. 'उलटं' म्हणायला वेळ नव्हता. बाकीच्या चौकड्याही तशाच भिडल्या होत्या. एक एसटी आडवी उभी राहील एवढा कातळ मोकळा झाला तेव्हा जाळ समोर येऊन ठेपला होता. आम्ही पायांनी, पदरांनी, हाताला लागेल त्याने बारीक काटक्या लोटल्या आणि मागे सरलो.

मग करण्यासारखं काही उरलं नाही. जाळ कातळाच्या काठावर आला आणि उभा राहिला. वाऱ्याने तो आमच्या बाजूला वाकला. आमच्या मागे, कातळाच्या वरच्या काठाला, वाघरीच्या आडोशासाठी नेलेल्या वाळक्या घाणेरीत एक ठिणगी जाऊन पडली. आधी काही दिसलं नाही. मग बोटभर धूर निघाला. हिराबाई पळाल्या. कोकरांच्या पाण्याची घागर त्यांनी आपल्या घोंगड्यावर उपडी केली आणि ते ओलं घोंगडं त्या धुरावर टाकून स्वतः त्याच्यावर लोळल्या, काट्यांसकट. बाई त्यांच्यामागे गेल्या आणि दोघींनी मिळून घोंगड्याच्या कडा दाबून धरल्या. गंजी तिथून हातभर अंतरावर होती.

कातळाच्या खालचा जाळ हळूहळू बसला. खुंटांतून जे सरपटत गेलं होतं ते बाकीच्यांनी निरगुडीच्या डहाळ्यांनी झोडपून विझवलं.

टेकावर आता एक काळी रेघ होती. रस्त्यापासून कातळापर्यंत, आणि सांगायला संकोच वाटतो, पण अतिशय सरळ. ती बघून कुणालाच हसू आलं नाही. बाईंच्या हातांवर ओरखडेच ओरखडे होते. त्या हिराबाईंसमोर उभ्या राहिल्या, खांदे पाडून, हनुवटी पुढे आलेली, आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे." हिराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. घोंगडं उचललं, झटकलं आणि कोकरं आणायला निघून गेल्या.

पुढच्या रविवारी बाई आल्या नाहीत. ग्रुपवर त्यांचा निरोप आला, "यापुढे मी येणार नाही. कुदळी शेडमध्ये आहेत." फोन केला तर उचलत नव्हत्या. हवालदारांनी हुकमत हातात घेऊन पाहिली आणि दोन रविवारांत स्वतःच सोडून दिली. "हितं सगळी मानसं आपापल्या मनानं वडत्यात, ताई," ते मला म्हणाले. "मी बी." होळी झाली, उन्हाळा आला. हिराबाईंचं पाल जागचं हललं नाही, गंजी एका बाजूने कमी होत गेली. मग वळवाच्या दोन सरी पडल्या आणि त्या काळ्या रेघेत घाणेरी अशी उसळून फुटली की जणू आगीने तिला खुराकच घातला होता.

बाई आता नाहीत. गेल्या पावसाळ्यानंतर त्या गेल्या. त्याआधी मात्र त्या टेकावर येत राहिल्या, वर्षामागून वर्ष. पहिल्यांदा पायी, मग काठी घेऊन, मग हवालदारांच्या स्कूटरवर मागे बसून, आणि पोट आत आहे की नाही हे मागून बोट टोचून तपासत. आता आम्ही घाणेरीचे लहान लहान ढीग करतो, कातळावर, एकमेकांपासून लांब, मुद्दाम वाकडेतिकडे, आणि वाळले की पावसात कुजायला सोडतो. ते वाकडे ढीगही बाईंनीच आमच्याकडून करून घेतले. हे वाकडं काम करताना त्यांना जो त्रास व्हायचा तो बघण्यासारखा असे. एखादा ढीग चुकून दुसऱ्याच्या रेषेत आला की त्या स्वतः जाऊन तो हलवत आणि चेहरा दुसरीकडे फिरवत.

एका भेटीशिवाय हे सगळे रविवार झालेच नसते. त्या वळवानंतर बाईंना घरून घेऊन यायचं असं मी आणि हवालदारांनी ठरवलं. निघताना हिराबाई रस्त्याला उभ्या होत्या. "मी बी येती," एवढंच म्हणून त्या माझ्या गाडीवर मागे बसल्या आणि साताऱ्यापर्यंत गप्प राहिल्या. आगीनंतर बाईंबद्दल त्यांच्या तोंडून कुणी काही ऐकलं नव्हतं. त्या कशासाठी येताहेत हे विचारायचा मला धीर झाला नाही. वाटेत दोनदा वाटलं, गाडी मागे वळवावी.

बाईंनी दार उघडलं. गळ्यात शिट्टी नव्हती. हिराबाईंना पाहून त्या जरा थबकल्या, मग आत घेतलं, चहा केला. कपबश्या समोर ठेवून म्हणाल्या, "तुम्ही आलात, बरं वाटलं. पण मी येणार नाही. ज्याला सरळ रेघेपलीकडे काही दिसत नाही त्याने हुकूम देऊ नये."

"बाई, पाचट पेटवनारा दुसराच हुता," हवालदार म्हणाले.

"वात माझी होती."

मी कपातल्या सायीकडे बघत राहिले. बाई हिराबाईंकडे वळल्या. आवाज अजून पुरता सुटला नव्हता. "तुमची गंजी जळाली असती, तर मी तुम्हाला काय तोंड दाखवलं असतं, सांगा."

हिराबाईंनी बशी खाली ठेवली. त्यांनी खोली एकदा डोळ्यांनी मापली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आणि मग त्या एकदम म्हणाल्या,

"जळली असती तर समदी मेंढरं आनून तुमच्या ह्या खोलीत कोंडली असती मी, आन् उन्हाळाभर तुमीच सांबाळली असती. न्हाई जळली. आता च्या प्या आन् उठा बाई, तितं घाणेरी गुडघ्याला लागलीया."